डॉक्टरांचं कपाट आणि तीन रोबुस्टो

लंडनमध्ये सिगारच्या दुकानात काम करतो म्हटलं की गावाकडचे लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘म्हणजे पानपट्टीच ना?’ आणि ‘क्यूबाची ती खरी, बाकी सगळ्या दुय्यम, असंच ना?’ पहिल्याला मी ‘हो’ म्हणून मोकळा होतो. दुसऱ्याला मी पण बरीच वर्षं ‘हो’च म्हणायचो, गिऱ्हाइकाला तेच ऐकायचं असतं. हल्ली मात्र उलटा प्रश्न विचारतो: किती वर्षांची, आणि ती वर्षं कुठून मोजलेली? ही सवय लागली ती डॉक्टरांच्या सिगारींच्या कपाटामुळे.

डॉक्टर आमचे जुने गिऱ्हाईक. मूळचे दादरचे, सत्तरच्या दशकात इकडे आलेले, भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेले. मी निपाणीचा आहे हे कळल्यापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. ‘काय रे निपाणीकर’ एवढंच. आमची आजी वखारीत तंबाखू निवडायला जायची हे त्यांना एकदा बोलता बोलता सांगितलं, तेव्हा म्हणाले, ‘म्हणजे तू घराण्यातला आहेस.’ बायपास झाली आणि त्यांचं ओढणं कायमचं बंद झालं. त्यात हॅरोचं घर विकून मुलाकडे राहायला जायचं ठरलं, आणि सूनबाईंनी सांगितलं की बाबा या, पण ते कपाट नको. मग एके दिवशी दोन भल्यामोठ्या सूटकेस घेऊन डॉक्टर दुकानात हजर. ‘बघ, लाव किंमत.’

जुन्या हवाना सिगारींना इथे लिलावात चांगले पैसे येतात. २०२२ साली क्यूबाच्या हबानोस कंपनीने कोहिबा आणि त्रिनिदाद या आपल्या ब्रँडचे भाव जगभर हाँगकाँगच्या चढ्या पातळीला नेले, तेव्हापासून तर लोकांच्या माळ्यावरच्या पेट्यासुद्धा खाली यायला लागल्या आहेत. आमचं काम पेट्या तपासून, वर्गवारी करून मॅनेजरपुढे ठेवायचं.

पेटी हातात आली की झाकण उघडायचं नाही, आधी ती उलटी करायची. क्यूबन पेटीच्या बुडाला लाकूड भाजून उठवलेला शिक्का असतो: ‘हबानोस एस. ए., एचो एन कूबा, तोताल्मेंते आ मानो’. कंपनीचं नाव १९९४ नंतरच्या पेट्यांवर, आणि ‘संपूर्ण हातवळणीची’ ही ओळ १९८९ पासून. त्याखाली शाईचा ठप्पा, त्यात कारखान्याचं सांकेतिक नाव आणि पेटी भरल्याचा महिना, स्पॅनिश महिन्याच्या पहिल्या तीन अक्षरांत. जानेवारीचं ‘एने’, ऑगस्टचं ‘आगो’. भाजलेल्या शिक्क्यावरून बोट फिरवलं की खळगा लागतो. डॉक्टरांच्या पहिल्याच पेटीवर, काचेच्या झाकणाच्या कोहिबा एस्प्लेंदिदोसवर, बोट सरळ घसरत गेलं. शिक्का छापलेला होता. आत पंचवीस सिगारी, पण रंग तीन तऱ्हेचे. आणि एकीच्या तळाला टॉर्च मारला तर आत लांब पानांऐवजी चुरा दिसत होता.

‘डॉक्टर, ही कुठली?’

‘वाराडेरोच्या बीचवर घेतली. तो माणूस म्हणाला, त्याची बहीण कारखान्यात आहे.’

‘सगळ्यांच्याच बहिणी कारखान्यात असतात तिथे.’

डॉक्टरांनी ती पेटी स्वतःच उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाले, ‘पुढे चल.’

पुढच्या पेट्या मात्र अस्सल होत्या. रामोन आयोनेस, बोलिव्हार, पार्तागास सेरिए डी नंबर ४ च्या दोन, बहुतेक २००१ सालच्या. कपाटात हवेतला ओलावा दाखवणारं पितळी घड्याळ होतं, तेही डॉक्टरांनी आणलं होतं. काटा सत्तरवर. मी ते टिचकी मारून पाहिलं, बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत धरलं. काटा सत्तरवरच. किती वर्षं तो असा ठाम उभा होता कोण जाणे! वरच्या फळीवरच्या पेट्या हीटरच्या बाजूला होत्या, त्यांतल्या सिगारी दाबल्या की करकरत होत्या. खालच्या फळीवरच्या वाचल्या होत्या. अशा कपाटात सगळ्यात जास्त नुकसान असल्या दिखाऊ घड्याळांनी होतं, किडीने सुद्धा नाही.

या सगळ्यात डॉक्टरांनी दोन ढीग केले होते. डावीकडे क्यूबा. उजवीकडे बाकीचं: पाद्रोनच्या १९६४ ॲनिव्हर्सरीची एक पेटी आणि डेव्हिडॉफच्या स्पेशल आर. ‘हे सगळं शिकागोचा मेहुणा आणायचा. त्या बिचाऱ्याला तिथे क्यूबन मिळायची नाही ना. हे तू असंच घेऊन जा, याचे कसले पैसे.’

पाद्रोनच्या पेटीत दुकानाची २००२ ची पावती अजून होती. मी म्हटलं, ‘डॉक्टर, ही फुकट द्यायची वस्तू नाही.’

‘अरे, क्यूबन ती क्यूबन.’

‘मग पेटवून बघू?’

डॉक्टरांचे डोळे चमकले. ‘तू पेटव. मी विचारतो.’

इंग्लंडमध्ये २००७ पासून बंद जागेत धूम्रपान बंद आहे, पण खास तंबाखूच्या दुकानात सिगार घेण्याआधी ओढून बघायला सूट आहे. वरच्या मजल्यावर आमची तशी खोली आहे. डॉक्टरांना दाराजवळ, हवा खेचणाऱ्या पंख्यापासून लांब बसवलं, कॉफी दिली. तीन सिगारी काढल्या, खालच्या फळीवरच्याच. तिन्ही रोबुस्टो, म्हणजे आखूड, जाड आकाराच्या; पन्नास रिंग गेजच्या, म्हणजे इंचाचे पन्नास-चौसष्टांश, साधारण वीस मिलिमीटर जाड. सहकाऱ्याने लेबलं काढून आंधळी चाचणी करू म्हणून उत्साह दाखवला. पण पाद्रोनची ही सिगार चौकोनी दाबलेली असते. ओठाला लागली की आंधळ्यालाही कळतं. तेव्हा ते सोंग नको म्हटलं.

सौम्य असेल ती आधी, म्हणून डेव्हिडॉफ. डॉमिनिकन भरण, वर कनेटिकट जातीचं फिकट सोनेरी पान. झिनो डेव्हिडॉफ यांचा क्यूबाशी बेबनाव होऊन उत्पादन डॉमिनिकन रिपब्लिकला गेलं, त्यानंतरची ही. बांधणीला नावं ठेवायला जागा नाही. गोल कड धरून जळत होती, राख पांढरी, टणक.

‘काय लागतंय?’

‘वाळलेलं गवत.’

‘आणि?’

‘आणि काही नाही.’

खरंच नव्हतं. ताजी असताना हिच्यात सायीसारखा मऊपणा असतो, जरा बदामाची चव असते. हलक्या पानात मुळात साठा कमी, वीस वर्षांत तोच उडून गेला. डॉक्टरांनी मान डोलावली, ‘म्हटलं नव्हतं?’ अशी.

मग पार्तागास. कापली, न पेटवता झुरका घेतला, हवाच येईना. गाल आत गेले. तारेने बोगदा पाडायचा प्रयत्न केला, व्यर्थ. नव्वदच्या दशकात अमेरिकेत सिगारचं वेड आलं, जगभर मागणी वाढली आणि क्यूबाने उत्पादन धडाक्याने वाढवलं. नवे कारागीर भराभर भरती केले, पानं दाबून भरली गेली. शिवाय बुरशीला दाद न देणारी म्हणून ‘हबाना २०००’ ही जात लावली, तिचं पान नीट जळेना. त्या काळातल्या पेट्या म्हणजे मटका. पुढे झुरक्याचा दाब तपासायची यंत्रं कारखान्यांत आली तेव्हा जरा शिस्त लागली.

‘दुसरी काढ,’ डॉक्टर म्हणाले. आवाज जरा उतरला होता.

दुसरी उघडली. आणि इथे मला गप्प बसावं लागलं. पहिला धूर अगदी साधा, देवदारी लाकडाचा. मग इंचभर जळल्यावर जिभेच्या मागे ती किंचित आंबूस, मातकट चव आली, जी क्यूबातल्या पिनार देल रिओच्या पानाशिवाय कुठे सापडत नाही. त्यावर मध, त्यावर जुनं चामडं, आणि सगळं एकमेकांत असं मुरलेलं की वेगळं काढून सांगता येईना. ताज्या पार्तागासमधली मिरी, तो अमोनियाचा ठसका, काही नाही. डॉक्टर ऑपरेशन टेबलाशी उभे असल्यासारखे दर पाच मिनिटांनी विचारत होते, ‘आता?’, ‘आता काय म्हणतेय?’ मी सांगत होतो आणि ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांना हरवायला बसलेला मी मनातल्या मनात पैज हरलो होतो.

पाणी पिऊन, कोरडा पाव खाऊन, तासाभराने पाद्रोन. हिच्याबद्दल काय सांगू? पहिल्या झुरक्यापासून शेवटच्या बोटभर थोटकापर्यंत एकदाही हात लावावा लागला नाही. कडवट कोको, कडक कॉफी, अक्रोड. मिरीची धार गोल झालेली, पण ताकद जागच्या जागी. मजा म्हणजे आज दुकानात मिळणाऱ्या नव्या पाद्रोनपेक्षा ही फार वेगळी नव्हती. वीस वर्षांनी ती बदलली नव्हती, टिकली होती.

‘म्हणजे वीस वर्षं फुकट गेली म्हण,’ डॉक्टर म्हणाले.

‘नाही डॉक्टर, तिचं वय आधीच झालं होतं.’

मग कॉफीचा दुसरा कप घेऊन त्यांना सगळं सांगितलं. पाद्रोनच्या या मालिकेचं पान वळण्याआधीच किमान चार वर्षं मुरवलेलं असतं. म्हणजे पावती २००२ ची असली तरी आतलं पान १९९८ च्या अलीकडचं नाही. क्यूबाकडे इतकं थांबायची ऐपत सहसा नसते. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर तर डॉलरची निकड अशी होती की माल वळला की बोटीत. जड, तिखट ‘लिहेरो’ पान दोनेक वर्षं थांबतं, पण हलकी पानं जेमतेम वर्षभर. उरलेलं मुरणं गिऱ्हाइकाच्या घरी. क्यूबन सिगार म्हणजे झाडावरून उतरवलेला कच्चा हापूस. अढी तुम्ही घालायची, गवत तुम्ही बदलायचं, आणि एखादा नासका निघाला तर तोही तुमचाच. निकाराग्वातल्या एस्तेलीहून येणारी पाद्रोनची पेटी तयार फळांची असते. घेतल्या महिन्यात दोन्ही पेटवल्या असत्या तर पाद्रोनने पार्तागासला उभं केलं नसतं. वीस वर्षांनी, जी उघडली ती पार्तागास वरचढ. पण पेटीतली पहिली चोंदलेली निघाली, हेही हिशेबात धरायला हवं की नको?

‘आणि बी तर एकच,’ मी म्हटलं. होसे ओर्लांदो पाद्रोन पिनार देल रिओच्याच तंबाखूवाल्या घरातले. क्रांतीनंतर जमीन गेली, मायामीत सुतारकाम करून पैसे साठवले आणि १९६४ साली कारखाना काढला. सत्तर साली निकाराग्वात गेले, क्यूबन बियाणं ज्वालामुखीच्या काळ्या मातीत लावलं. १९७८ मध्ये तिथल्या यादवीत एस्तेलीचा कारखाना जळाला, पुन्हा उभा केला. वुएल्ता आबाहो या पिनार देल रिओतल्या तंबाखूच्या पट्ट्यातली हाताची विद्या देशाबाहेर पडली आणि दुसऱ्या मातीत वेगळी चव झाली. १९६२ च्या अमेरिकी निर्बंधांनी क्यूबन सिगारला जेवढं मिथक मिळवून दिलं, तेवढं दुसऱ्या कशाने क्वचितच मिळवून दिलं असेल. निषिद्ध म्हटलं की माणूस चव घेत नाही, नुसता भारावतो. हे माझं मत; आमच्या मॅनेजरला ते पटत नाही.

मॅनेजर संध्याकाळी आला, याद्या पाहिल्या. क्यूबन पेट्या लिलावाला. वरच्या फळीवरच्या, वाळून करकरणाऱ्या वगळून. पार्तागासच्या दोन्ही पेट्यांचा त्याने जो अंदाज सांगितला तो ऐकून डॉक्टर खूश झाले. पाद्रोनपुढे त्याने आकडाच लिहिला नाही. लिलावात बिगर-क्यूबन जुन्या पेट्यांना गिऱ्हाईक फार थोडं, पाठवण्याचा खर्च सुटेल न सुटेल.

‘म्हणजे जी दर वेळी नीट जळते तिला विचारत नाहीत,’ डॉक्टर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, ‘आणि जी निम्म्या वेळा चोंदते तिला एवढे पैसे?’

‘हो. लिलावात घेतात ते ओढायला थोडंच घेतात?’

डॉक्टर थोडा वेळ पाद्रोनच्या पेटीवर हात ठेवून बसले. मग पेटी स्वतःकडे ओढून म्हणाले, ‘निपाणीकर, सकाळी ही तुला फुकट दिली होती ना मी?’

‘हो डॉक्टर.’

‘ते रद्द. दुकानातला आजचा भाव काय आहे तो सांग, त्याच्या निम्मे टाक आणि घेऊन जा.’

मी खिशातून कार्ड काढलं. त्यांनी डेव्हिडॉफची पेटी माझ्या हातात कोंबली. ‘आणि ही घे, फुकट. गवत आहे म्हणालास ना.’