भाड्याच्या घरात छताचं प्लास्टर अंगावर पडलं, भरपाई कशी मिळाली – माझा अनुभव

डोंबिवलीला आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, अकरा महिन्यांचं रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स. ऐन जुलैत किचनमध्ये भाजी चिरत होते आणि छताचं प्लास्टर सुटून खांद्यावर आलं, कॉलरबोन फ्रॅक्चर. वर बघितलं तर सळया गंजून फुगलेल्या, म्हणजे हे काही एका पावसाचं काम नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये नवऱ्याने डॉक्टरांना आग्रहाने सांगितलं की छत पडून लागलंय असंच लिहा, नुसतं 'मार लागला' नको. त्यांनी एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) केली, पोलिसांत नोंद झाली. आणि घरातला ढिगारा उचलायच्या आधी फोटो, व्हिडिओ काढून ठेवले, कारण दुसऱ्याच दिवशी घरमालकाचा माणूस पुट्टी घेऊन दारात हजर! त्याला परत पाठवला.

घरमालक म्हणाले, "अहो वहिनी, गच्ची सोसायटीची, पाणी तिथून येतं, मी काय करणार?" आता यात तथ्य नाही असं नाही, मॉडेल बायलॉजप्रमाणे (हाउसिंग सोसायट्यांची नमुना नियमावली) गच्चीची गळती आणि त्यामुळे वरच्या मजल्याचं खराब झालेलं छत दुरुस्त करायचा खर्च सोसायटीचाच असतो. सोसायटीत गेलो तर सेक्रेटरी म्हणतात तुम्ही मेंबरच नाही, तुमच्या मालकाला पाठवा. झालं, दोघांच्या मधे आम्ही, आणि माझा हात गळ्यात.

मग ओळखीतल्या एका वकीलबाईंकडे गेलो. मी नेटवर वाचून गेले होते की १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम १४ आहे, घर नीट ठेवणं मालकाचं काम, नोटीस देऊन १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून भाड्यातून कापू शकतो, तेही वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. बाई म्हणाल्या ते भाडेकरूला, तुमचं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे तुम्ही कायद्याने लायसन्सी (जागा वापरायची नुसती परवानगी असलेले), तुमच्यासाठी १८८२ चा ईझमेंट अ‍ॅक्ट बघायचा. त्याच्या कलम ५७ मधे आहे की जागेत धोकादायक दोष असेल, आणि तो मालकाला माहीत असेल पण तुम्हाला नसेल, तर मालकाने तो सांगितलाच पाहिजे. त्याचं आणि सोसायटीचं भांडण ते बघून घेतील. आणि अ‍ॅग्रीमेंटमधे 'घर उत्तम स्थितीत मिळालं' असं छापील वाक्य होतं, त्यावर आमच्या सह्या होत्या, तर बाई म्हणाल्या रंगाखाली झाकलेलं तुम्हाला दिसणार कसं?

पण मालकाला माहीत होतं हे दाखवायचं कसं? तर ते काम सेक्रेटरींनीच केलं! सोसायटीवर येऊ नये म्हणून त्यांनी फाईलमधून मालकाचंच जुनं पत्र काढून दिलं, आम्ही राहायला यायच्या आधीचं, 'किचनच्या छतातून पाणी झिरपतंय, प्लास्टर सुटतंय, ताबडतोब बघा'. म्हणजे हे पत्र दिलं, मग वरून पुट्टी मारून पांढरा रंग दिला आणि एजंटने आम्हाला 'फ्रेशली पेंटेड' म्हणून फ्लॅट दाखवला. मला खरा राग प्लास्टर पडल्याचा नाही, या रंगाचा आला.

पत्राची कॉपी, एमएलसीचे पेपर, हॉस्पिटलची बिलं, माझा बुडालेला पगार असं सगळं जोडून वकिलांनी मालकाला नोटीस पाठवली, सोसायटीलाही एक पाठवली. आधी उलट उत्तर आलं की इजा मोठी दाखवताय वगैरे, मग त्यांच्या वकिलाने बहुतेक ते पत्र वाचलं असावं, फोन आला की बसून बोलू. कोर्टात गेले असते तर कदाचित जास्त मिळालं असतं, पण दिवाणी दावा किती वर्षं चालतो हे माहेरी बघितलंय मी. हॉस्पिटलचा सगळा खर्च, फिजिओथेरपी आणि पगारातला थोडा भाग एवढ्यावर मिटवलं. चेक वटल्यावरच सेटलमेंट लागू होईल हे वाक्य बाईंनी त्यात मुद्दाम घातलं, आणि नोटीस पिरियड न धरता घर सोडलं.

डिपॉझिट परत देताना मात्र मालक म्हणाले, अ‍ॅग्रीमेंटप्रमाणे पेंटिंगचे पैसे कापतो. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, डिपॉझिट पूर्ण मिळालं.