‘खो’ तसाच ठेवा

माझं काम भाषांतराचं. जर्मनीत न्यायालयासमोर शपथ घेतलेली अनुवादक म्हणून मी जन्मदाखले, लग्नाचे दाखले, गुणपत्रिका, कोर्टाचे निकाल असले कागद मराठी-हिंदीतून जर्मनमध्ये नेते. खाली शिक्का मारते, सही करते, आणि त्या शिक्क्याच्या जोरावर कचेरीत तो कागद खरा धरला जातो. सभा-बैठकांना दुभाषी म्हणूनही जाते. या कामात कधी खेळाचा संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

एका शनिवारी सकाळी पुण्याहून इकडे आलेल्या एका संगणक अभियंत्याचा फोन आला. “ताई, तुम्ही मिरजेच्या ना? खो-खो खेळलायत?”

शाळेत खेळलेय म्हटलं. मधल्या पाटीवर गुडघे फोडून घेतलेत.

“मग हे काम तुम्हीच करा.”

काम होतं घटनेचं. चार शहरांतले खो-खोचे गट एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना नोंदवणार होते. त्यांनी मसुदा तयार करून ठेवला होता, इंग्रजीत, एकतीस पानांचा. वाचायला घेतला आणि पहिल्या पाच पानांत ओळख पटली. हा आपल्याकडच्या कुठल्यातरी संघटनेच्या घटनेवरून उचललेला होता. मुख्य आश्रयदाते, तहहयात अध्यक्ष, कार्याध्यक्ष, पाच उपाध्यक्ष, सरचिटणीस, दोन सहसचिव. खेळाडू मोजून साठ-सत्तर आणि पदं बावीस.

इथला संस्था नोंदणीचा कायदा १९०० सालापासून लागू असलेल्या नागरी संहितेत आहे आणि तो फार थोडं मागतो. किमान सात सभासद, सात सह्या, संस्थेचं नाव, ठिकाण, उद्देश. पण जे मागतो ते नेमकं मागतो. संस्थेच्या वतीने बाहेर कोण सही करणार? एकटा करणार की दोघे मिळून? तहहयात अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष यांच्यात बँकेच्या कागदावर सही कुणाची, याचं उत्तर एकतीस पानांत कुठेच नव्हतं. मी तसं कळवलं. फोनाफोनी होऊन बावीस पदांची पाच झाली. त्या आठवड्यात कोण कोणावर रुसलं ते मला माहीत आहे, पण ते मी कामाच्या विश्वासाने ऐकलेलं आहे, इथे लिहिणार नाही.

दुसरा अडथळा करखात्याचा. इथे शहाणी माणसं घटनेचा मसुदा मंजूर करण्याआधीच करखात्याला दाखवून घेतात, कारण लोकोपयोगी संस्था म्हणून करमाफी मिळायची असेल तर शब्दन् शब्द तपासला जातो. आमच्या मसुद्यावर दोन शेरे आले. संस्था बंद पडली तर शिल्लक सभासदांत वाटायची, असं कलम होतं. ते चालणार नाही, पैसा लोकोपयोगी कामालाच गेला पाहिजे. हे लगेच दुरुस्त झालं. दुसरा शेरा उद्देशाच्या कलमावर होता. त्यात “खो-खोचा प्रसार आणि भारतीय संस्कृतीचं संवर्धन” असं लिहिलेलं. अधिकाऱ्याने विचारलं होतं की संस्कृतीसाठी संस्था नेमकं काय करणार? जो उद्देश लिहाल तो प्रत्यक्ष पाळावा लागेल, आणि तो पाळल्याचं दरवेळी दाखवावं लागेल. शिवाय या खेळाचं वर्णन जोडा.

करकायद्यातल्या लोकोपयोगी कामांच्या यादीत खेळ येतो, आणि कंसात लिहिलंय की बुद्धिबळही खेळच धरावा. म्हणजे कुणीतरी कधीतरी त्यावर भांडलं असणार. आमच्या खेळात तरी धावणं आहे, सूर मारणं आहे, वर्णन सोपं जाईल असं वाटलं. त्या एका पानाला मला दोन रात्री लागल्या.

मैदान २७ मीटर लांब, १६ रुंद. दोन टोकांना दोन खांब. मधल्या पाटीवर आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत जाईतो उलटं फिरता येत नाही. पळणाऱ्याला मात्र कुठूनही कुठेही जायची मोकळीक. इथवर सरळ उतरलं. मग आलं वाक्य : “पाठलाग करणारा बसलेल्या गड्याला पाठीमागून खो देतो.”

देतो म्हणजे काय करतो? आधी मी जर्मनमधला ‘आब्ल्योझुंग’ शब्द वापरून पाहिला. पहारा बदलताना, पाळी संपताना तो वापरतात. अर्थ बराच जवळचा, एक उठतो, त्याच्या जागी दुसरा येतो. पण खो-खोत तो शब्द नुसता वर्णनाला नाही, तो मैदानात तोंडाने म्हणावा लागतो. नुसता हात लावला आणि ‘खो’ म्हटलं नाही तर फाऊल. रात्री एक वाजता स्वयंपाकघरात उभी राहून मी खुर्चीच्या पाठीवर हात मारला आणि मोठ्याने म्हणून पाहिलं, “आब्ल्योझुंग!” तेवढ्या वेळात पळणारा दोन गडी ओलांडून पलीकडे. मी तो शब्द खोडला, आणि त्याच्या जागी काय लिहायचं ते न ठरवताच झोपले.

स्थापनेची सभा नोव्हेंबरातल्या एका रविवारी होती, एका शाळेच्या व्यायामशाळेत. सकाळी खेळ, दुपारी सभा. लाकडी जमिनीवर बास्केटबॉलच्या, हँडबॉलच्या, बॅडमिंटनच्या रंगीत रेषा आधीच आखलेल्या, त्यांवरून पांढऱ्या चिकटपट्टीने आमच्या मंडळींनी पाट्या आणि चौकोन आखले. जमिनीला भोकं पाडायला परवानगी नाही, म्हणून जड लोखंडी बैठकीचे खांब बनवून घेतलेले, भाड्याच्या गाडीतून आणलेले. पुण्याचा तो अभियंता गुडघ्यांवर बसून फूटपट्टीने एकेक चौकोन मोजत होता, ३० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, आणि एक सेंटिमीटर चुकला की पट्टी काढून परत लावत होता. तासभर चाललं ते. आता बास रे, असं कुणी म्हटलं नाही.

दुपारी चौदा जण गोल करून बसले. आठ मराठी, एक तेलुगू, एक नेपाळी, एक श्रीलंकेचा, तीन जर्मन. अध्यक्षपदाचं, खजिनदाराचं पटापट झालं, हात वर करून. अडलं ते उद्देशाच्या कलमावर.

अमरावतीचे एक काका आहेत, इकडे येऊन चाळीस वर्षं झाली. वयाने खेळत नाहीत, पण प्रत्येक सरावाला येऊन शिट्टी वाजवतात. ते उठून उभे राहिले. जर्मन त्यांना उत्तम येतं, तरी त्या दिवशी ते मराठीत बोलले, आणि मी जर्मनमध्ये सांगत गेले. त्यांनी १९३६ सांगितलं. बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक इथे आलं होतं, देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. “आमच्या गावची माणसं हा खेळ घेऊन या देशात येऊन गेलीत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं याचे नियम बांधले. हा आमचा खेळ आहे. ते घटनेत दिसू नये?”

मग एक जर्मन मुलगी बोलली. शाळेत खेळ शिकवते, सकाळी तिने खांबावर असा सूर मारला होता की दोन्ही बाजू टाळ्या वाजवत होत्या. तिचं मी मराठीत सांगत होते. “तुम्ही मला या खेळात घेतलंत याचं मला फार मोल आहे. पण मी खेळायला येते. माझ्या शाळेतल्या पोरांना मी हा शिकवणार, त्यांच्यातले निम्मे तुर्की आहेत, पोलिश आहेत. हा फक्त तुमचा राहिला तर जर्मनीचा कधीच होणार नाही.”

दुभाष्याच्या धंद्याचा एक नियम आहे. दुसऱ्याचं बोलणं ‘मी’ म्हणूनच सांगायचं. “ते म्हणतात की” असं लावायचं नाही. म्हणजे एका मिनिटाला मी जर्मनमध्ये म्हणत होते, हा आमचा खेळ आहे. पुढच्या मिनिटाला काकांकडे बघून मराठीत म्हणत होते, फक्त तुमचा राहिला तर कधीच होणार नाही. इतक्या वर्षांत मी घटस्फोटाच्या खटल्यांतसुद्धा हे न अडखळता केलंय. त्या दिवशी दुसरं वाक्य म्हणताना माझा आवाज बसला. दोन्ही वाक्यं माझी होती. मिरजेच्या शाळेतली मुलगीही मीच, आणि इथल्या शाळेत जाणाऱ्या, मराठी समजणाऱ्या पण न बोलणाऱ्या दोन पोरांची आईही मीच. पाणी प्यायले आणि वाक्य पुन्हा म्हटलं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, हे त्यांना सांगू नका, आधी मला सांगा, तुम्ही ‘खो’ला जर्मन शब्द काय केलात?

खरं ते सांगितलं. केला होता, खोडला. मग कुणी न विचारता ते सगळ्यांना जर्मनमध्ये सांगितलं, आब्ल्योझुंगसकट. त्या खेळशिक्षिकेने लगेच जागेवर करून पाहिलं, शेजारच्याच्या पाठीवर हात मारून, आणि मान हलवली. म्हणाली, ज्युदोत आम्ही जपानीच म्हणतो, हाजिमे, इप्पॉन, आजवर कुणाला अडलं नाही.

“मग ‘खो’ तसाच ठेवा,” काका म्हणाले, या वेळी जर्मनमध्ये. “आणि पाटी, आणि खांब. हे नियमांत लिहा. उद्देशात खेळ ठेवा.”

मत घेतलं. उद्देशात फक्त खेळ : अकरा बाजूने, विरोधात कुणी नाही, तिघे तटस्थ. तिघांत काका होते. त्यांनी सही मात्र केली, तिसऱ्या क्रमांकावर, मराठीत. देवनागरी सही चालते का, असं कुणीतरी विचारलं. चालते. सभेनंतर त्यांना उपाध्यक्ष व्हायचा आग्रह झाला तो त्यांनी मानला नाही, आणि का मानला नाही हे मला आजही नीट कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

पुढचं कागदांनी केलं. नोटरीने पासपोर्ट पाहून अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या प्रमाणित केल्या. न्यायालयाच्या नोंदणी विभागातून एका बाईंचा फोन आला, दोन प्रश्न घेऊन. एक, नावात आडवी रेघ आहे की नाही? शीर्षकात आहे, चौथ्या कलमात नाही. इतकी काळजी घेऊनही ती रेघ माझ्या नजरेतून सुटली होती, तिथल्या तिथे माफी मागितली. दोन, चार शहरांतले लोक स्वतःला ‘जर्मन’ संघटना कसं म्हणवतात, वाचणाऱ्याची दिशाभूल होणार नाही का? प्रश्न रास्त होता. सचिवांनी प्रत्येक गटाचा सरावाचा पत्ता, वार, वेळ लिहून पाठवली, आणि देशभरात दुसरं कुणी आलं तर त्याला सभासद करून घेणं बंधनकारक आहे ते कलम दाखवलं. न्यायालयाने सुचवलेले किरकोळ बदल कार्यकारिणीने करावेत असं एक कलम मी आधीच घालायला लावलं होतं, त्यामुळे आडव्या रेघेसाठी पुन्हा चौदा जणांना बोलवावं लागलं नाही. काही आठवड्यांनी नोंदणी क्रमांक आला.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. तेवीस देश आले होते, जर्मनीचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ उतरले. दोन्ही चषक भारताने जिंकले, दोन्ही अंतिम सामन्यांत समोर नेपाळ. सामने मी काम करता करता फोनवर लावून ठेवत होते.

त्याच महिन्यात काकांचा फोन आला. घटना मराठीत करून द्याल का, अमरावतीला धाडायचीय, माझ्या जुन्या तालमीतल्या लोकांना. पैसे देईन. पैसे घेतले नाहीत. नऊ पानं झाली. नियमांच्या परिशिष्टात जर्मन मजकुराच्या मधोमध ‘खो’, ‘पाटी’, ‘खांब’ हे शब्द रोमन लिपीत उभे होते. ते नुसते देवनागरीत लिहिले.

घरच्या वापराच्या कागदावर शिक्का लागत नाही. तरी काका आले तेव्हा विचारलं, मारू का?

“मारा,” म्हणाले. “नीट मधोमध मारा.”