बोर्डावर मराठी आकडे उमटले, पण र आणि डिग्री एकाच जागेवर

झालं भो एकदाचं! मी बनवत असलेल्या तापमानाच्या बोर्डावर, म्हणजे मॅक्स ७२१९ चिपवर चालणाऱ्या एलईडी ठिपक्यांच्या पट्टीवर, कालपासून ४४.६ असं चक्क मराठीत तापमान दिसतंय. ४ चा तो खालचा गोल पाच ठिपक्यांच्या रुंदीत नीट बसलाय, लांबून बघितलं तरी ४ च वाटतो, मी तर रात्री लाइट बंद करून नुसता बघत बसलो होतो.

मागच्या अपडेटला इंग्रजी आकडे चालू झाले होते, पण बोर्ड लागणार आहे मामांच्या कृषी केंद्रात आणि मामांचं पहिल्यापासून एकच म्हणणं, "अरे, आपलं गिऱ्हाईक सगळं रावेर-यावल-सावद्याकडचं, आकडे मराठीतच पाहिजेत." बरोबरच आहे त्यांचं. वाटलं सोपं असेल. इंग्रजी शून्याचा नंबर ४८, म्हणून आपण आकड्यात ४८ मिळवतो आणि कॅर (प्रोग्राममधलं एक अक्षर) करतो. मराठी शून्याचा युनिकोडमधला (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारी यादी) नंबर २४०६, मग ४८ च्या जागी २४०६ टाकला की काम झालं. लॅपटॉपवर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तसंच होतं, सीएचआर या फंक्शनला २४०६ दिला की ० हातात, उलट ओआरडी ला ० दिला की २४०६ परत. पायथन तर '४५' या स्ट्रिंगचा (अक्षरांच्या ओळीचा) थेट इंट, म्हणजे पूर्णांक, पण करून देतो, त्याबाबतीत त्याला तोड नाही.

पट्टी चालवणाऱ्या आर्डुइनो ऊनोवर (छोटा कंट्रोलर बोर्ड) मात्र ४५ च्या जागी इंग्रजी जे आणि के दिसायला लागले! वायरिंग बघितलं, पट्टी बदलली, तरी जे के. शेवटी सिरियल मॉनिटरवर (ऊनोने पाठवलेलं दाखवणारी लॅपटॉपवरची खिडकी) शून्य ते नऊ ओळीने छापले तर आलं एफ, जी, एच... थेट ओ पर्यंत, एकदम क्रमाने. क्रमाने येतंय म्हणजे कचरा नाही, काहीतरी हिशोब आहे. वही काढली. आर्डुइनोतला कॅर एका बाइटचा, त्यात २५६ च किमती मावतात, त्यामुळे २४०६ मधून २५६ चे नऊ पट म्हणजे २३०४ गळून जातात आणि उरतात १०२, आणि १०२ म्हणजे एफ. ४ चा २४१०, उरले १०६, म्हणजे जे. इतकं स्वच्छ गणित निघालं की सगळा वैताग तिथेच संपला.

मग यूटीएफ-८ चा रस्ता धरला, ही युनिकोड नंबर बाइटमध्ये लिहायची पद्धत, त्यात मराठीच्या एका नंबरचे तीन बाइट. २४०६ चे होतात २२४, १६५, १६६. सिरियल मॉनिटरवर ० झकास उमटला, पण पट्टीला काय कळतंय यूटीएफ, तिने तिन्ही बाइट वेगवेगळी अक्षरं समजून तीन चित्रं काढली, त्यात मधलं तर जपानी येनचं चिन्ह!

खरी किल्ली पुढे सापडली. देवनागरीचा अख्खा ब्लॉक २३०४ ते २४३१, म्हणजे बरोब्बर १२८ जागा. आणि पट्टीच्या फॉन्टच्या टेबलात (कुठल्या नंबरला कुठलं चित्र याचा तक्ता) १२८ ते २५५ या पण १२८ च जागा! म्हणून युनिकोड नंबरातून सरळ २१७६ वजा करायचे, ० जातो २३० वर, ९ जातो २३९ वर. खालच्या अर्ध्यात इंग्रजी आणि वरच्या अर्ध्यात आपली लिपी ही मांडणी इस्कीची (भारतीय लिप्यांसाठीचा जुना संगणकी कोड), १९९१ च्या भारतीय मानकात हीच आहे, त्या लोकांनी किती विचार करून ठेवलंय हे आता पटतंय. कोड तर एवढुसा झाला, फ्लोटची (पॉइंटवाल्या आकड्याची) स्ट्रिंग करायची आणि जिथे ४८ ते ५७ मधला, म्हणजे इंग्रजी आकड्याचा, बाइट दिसेल तिथे १८२ मिळवायचे, पॉइंट आपोआप तसाच राहतो. फक्त ऊनोवर साधा कॅर साइन्ड असतो (उणे आकडेही धरतो, -१२८ ते १२७), त्यात २३० ठेवले की -२६ होतात आणि "१२८ पेक्षा मोठा का" ही अट कधीच लागत नाही, म्हणून अनसाइन्ड बाइटच वापरा.

आता नवं दुखणं. डिग्रीचं चिन्ह फॉन्टमध्ये १७६ वर होतं, आणि र चा नंबर २३५२, वजा २१७६, आला १७६! त्यामुळे बोर्डावर "४४.६र". सध्या डिग्री उचलून १ नंबरच्या रिकाम्या जागेवर ठेवलीय (शून्यावर ठेवू नका, स्ट्रिंग तिथेच तुटते).

तापमान मोजायला कोणता सेन्सर घ्यावा, असं विचारलं होतं एकाने. डीएचटी ११ आपल्याकडे घेऊच नका, ५० पर्यंतच मोजतो आणि दोन डिग्री इकडेतिकडे, खानदेशच्या उन्हाळ्यात त्याचा काय उपयोग? डीएस १८बी२० घ्या, अर्ध्या डिग्रीत बसतो. पट्ट्या जिथून ऑनलाइन मागवल्या तिथून परत घेणार नाही, एका मॉड्यूलची आख्खी रांग मेलेली आली आणि बदलून द्यायला टाळाटाळ.

पुढचं काम बोर्डावर केळीचा भाव दाखवायचं, आणि तिथे हे एक-नंबर-एक-चित्र चालत नाही. क्विंटल हा शब्द घ्या, त्याचे युनिकोड नंबर: २३२५, २३८१, २३५७, २३६७, २३०६, २३३५, २३५४. वेलांटीचा २३६७ येतो व च्या नंतर, पण काढायची असते क् च्याही आधी, आणि आठ ठिपक्यांच्या उंचीत वेलांटी, अनुस्वार, शिरोरेषा सगळं कोंबलं तर अक्षर वाचताच येत नाही. जोडाक्षरांचे नियम लिहायला घेणार होतो, पण हे टाइप करता करताच डोक्यात आलं की बोर्डावर शब्द तरी किती लागणार, केळी, भाव, क्विंटल, रावेर, आज. मग अख्खा शब्दच एक चित्र करून एका नंबरवर बसवला तर? वरच्या अर्ध्यात फक्त दहा आकडे ठेवायचे, बाकी जागा शब्दांना, डिग्री परत आपल्या १७६ वर, र शी भांडणच नाही. हेच करतो. आणि त्यासाठी पी १० पॅनल (मोठा एलईडी पॅनल) घेतो, त्याला १६ रांगा मिळतात.

कुणी १६ उंचीत देवनागरी शब्द ठिपक्यांत काढले असतील तर फोटो टाका, मला शिरोरेषा एक ठिपका जाड ठेवू की दोन हे ठरवायचंय.