तुम्ही विचारलंत म्हणून : दारात अजिंठा, मग बोरीबंदर कशाला?

सिल्लोड तालुक्यातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. मुलांची सहल मुंबईला नेली की अर्धा दिवस बोरीबंदर स्टेशनातच, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्येच काढतो. त्यामुळे पालक विचारतात, सोबतचे शिक्षकही विचारतात, "सर, अजिंठा आपल्या दारात. मग इंग्रजाच्या स्टेशनाचं एवढं कौतुक कशासाठी?"

ते वेड दादांमुळे, म्हणजे माझ्या वडिलांमुळे लागलं. दादा पाथरवट. जाती, पाटे-वरवंटे घडवायचे. एकदा त्यांना उपचारासाठी मुंबईला नेलं. सकाळी गाडीतून उतरलो. मला टॅक्सीची घाई, आणि दादा तिकीटघरातल्या खांबापाशी मान वर करून उभे. दगडातली पानं बघत बराच वेळ थांबले, दुसऱ्या खांबाशी गेले, परत आले. मग म्हणाले, "ही एका हाताची टाकी न्हाई. लई हात हायेत यात."

ते हात कोणाचे, हे मी पुढे वाचून काढलं. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. जन्म १८४७चा, इंग्लंडातल्या बाथचा. १८६७ साली बांधकाम खात्याच्या नोकरीसाठी ते इकडे आले. स्टेशनाचं काम १८७८ला सुरू झालं तेव्हा वय जेमतेम एकतीस. दहा वर्षं लागली, खर्च सोळा लाख चौदा हजार रुपये. मधला अष्टकोनी घुमट सेंटरिंग, म्हणजे खालून तात्पुरता आधार, न लावता, दगडी फासळ्या खाचेत बसवत चढवला. हे सांगितल्यावर दादांनी दोनदा विचारलं, "सेंटरिंग न्हाई? खरं?" सहायक अभियंता होते सीताराम खंडेराव वैद्य, देखरेखीला एम. एम. जनार्दन. ही दोन नावं मी मुलांकडून पाठच करून घेतो.

आणि कोरीवकाम? त्यातलं पुष्कळसं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचं. पानं, वेली, मोर, माकडं. घुमटावरचा प्रगतीचा पुतळा इंग्लंडच्या थॉमस अर्प यांचा. तो भव्य आहे, पण माझा जीव या पानांवरच.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. त्या मुलांचे गुरू जॉन ग्रिफिथ्स. हेच ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात जे. जे.ची मुलं घेऊन आपल्या अजिंठ्याला येत, आणि लेण्यांच्या अंधारात बसून ती मुलं भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत. शाळा तीच, गुरू तेच, वर्षंही जवळपास तीच. त्यातल्या बऱ्याच नकला १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. किती हिवाळ्यांची मेहनत ती! दगडातलं काम मात्र राहिलं. म्हणून आमच्या मुलांना मी आधी अजिंठ्याला, वाघूर नदीच्या काठी नेतो, मग बोरीबंदरला.

स्टीव्हन्स यांनी पुढे समोरचीच महापालिकेची इमारतही बांधली. १८९३ साली ती पूर्ण झाली, तीही अंदाजापेक्षा कमी खर्चात. १९०० साली मुंबईतच मलेरियानं ते गेले. मला त्यांचं मोठेपण वाटतं ते यात, की शिकणाऱ्या पोरांच्या हातात त्यांनी एवढ्या मोठ्या इमारतीचा दगड दिला. खराब झाला असता तर नाव त्यांचंच गेलं असतं.

पुढच्या सहलीला पालकांनीही यावं. दुर्बीण असेल तर आणा. तिकीटघरातल्या त्याच खांबापासून सुरुवात करू.