वज्री, अडकित्ता आणि फणेरपेटी

पुण्यातील बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय मी शाळेच्या सहलीत पाहिले होते, पण त्या वयात तलवारींपलीकडे काही लक्षात राहिले नव्हते. या वेळी आईला सोबत घेऊन गेले आणि दुपारचा बहुतेक वेळ आम्ही घरगुती वस्तूंच्या दालनांतच घालवला.

‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२०च्या सुमारास हा संग्रह सुरू केला. लहान वयात वारलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले, पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव फिरून वीस हजारांच्या आसपास वस्तू जमवल्या आणि पुढे हा सारा ठेवा राज्य शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या वस्तू जपणारे पुष्कळ असतात. परंतु ज्या काळात घरोघरची जुनी पितळ मोडीत जात होती, त्या काळात टाच घासायची वज्री जपून ठेवावीशी वाटणे, हे मला फार मोठे वाटते.

या वज्रींपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळले. खालची बाजू खरखरीत आणि वर मात्र पक्षी, प्राणी किंवा माणसाची सुबक आकृती! न्हाणीघरात वापरायच्या, चारचौघांत कधीही न दिसणाऱ्या वस्तूवर कारागिराने एवढी मेहनत का घ्यावी? वापरणाऱ्या बाईच्या हाताला आणि डोळ्याला ती रोज सुखावणार होती, एवढेच कारण त्याला पुरेसे वाटले असावे. अडकित्त्यांचेही तसेच आहे. सुपारी कातरायला दोन दांड्या, एक धारदार पाते आणि एक खीळ पुरते. तरीही त्या दांड्यांचे घोडे, पोपट आणि स्त्री-पुरुषांच्या जोड्या झालेल्या आहेत. बहुतेक प्रेक्षक कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेल्या मस्तानी महालाकडे घाईने जातात. महाल सुंदर आहेच, पण माझा आग्रह आहे की आधी ही दालने सावकाश पाहावीत.

लाकडी फणेरपेटीसमोर आई थांबली. झाकणाच्या आत आरसा आणि खाली फणी, कुंकू, मेण ठेवायचे कप्पे, अशी तिची रचना असते. कपाळावर आधी बोटाने मेण लावायचे आणि त्यावर कुंकू टेकवायचे, म्हणजे ते दिवसभर ओघळत नाही, हे मी ऐकून होते. आईने मात्र ते रोज पाहिले होते. “आमची आजी अशीच पेटी मांडीवर घेऊन पूर्वेकडच्या खिडकीशी बसायची,” ती म्हणाली, “आणि तिचं कुंकू लावून होईपर्यंत आम्हा मुलांना तिच्याशी बोलायची परवानगी नसे.” पणजीची ही गोष्ट तिने मला यापूर्वी कधीच सांगितली नव्हती.