जिन्यावर कोण होतं?

गेल्या शनिवारी रात्री साडेनऊला लाइट गेली. आमचा टीव्ही इन्व्हर्टरवर नाही. म्हणून टीपॉयवर माझा सात वर्षांचा लॅपटॉप मांडला, मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं आणि अर्धी राहिलेली वेबसीरिज पुढे सुरू केली. जुना वाडा, मध्यरात्र, जिन्यावर कुणीतरी कंदील घेऊन उभं. "कोण गं ते?" आईने विचारलं. मला तरी कुठे कळत होतं! मला दोन ज्योती दिसत होत्या, त्यातली एक आमच्याच मेणबत्तीची निघाली.

आई सोफ्यावर, मी खाली गादीवर आडवी. तिला सगळं राखाडी, धुवट दिसत होतं; मला चेहरे फोटोच्या निगेटिव्हसारखे. स्वस्तातल्या टीएन प्रकारच्या एलसीडी स्क्रीनची ही जुनी खोड: वरून बघा, काळा रंग फिका पडतो, खालून बघा, छटा उलट्या होतात. झाकण तिच्यासाठी मागे कललं की माझं चित्र जायचं. शेवटी मी मुकाट्याने सोफ्यावर जाऊन बसले.

तरी अंधार तो अंधारच. ब्राइटनेस शंभरवर होता. तेवढ्यात चुकून घरखर्चाची एक्सेलची शीट पुढे आली, चांगली पांढरीशुभ्र, अर्धा स्क्रीन व्यापून. आणि मागचा वाडा अलगद उजळला! शीट बंद केली, क्षणभरात पुन्हा मंदावला. तीन-चार वेळा करून पाहिलं. आईला वाटलं, मी हिशेब करत बसलेय.

चोर सापडला तो ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये, 'डिस्प्ले पॉवर सेव्हिंग' नावाचा. लॅपटॉप बॅटरीवर असताना चित्र काळोखं झालं की हे महाशय स्क्रीनमागचा दिवा मंद करतात आणि ते लक्षात येऊ नये म्हणून चित्रातल्या छटा ताणून उजळ दाखवतात. एरवी खपून जातं. पण आधीच काळोखात घेतलेल्या प्रसंगात ताणायला उरतंय काय? बंद केलं.

"आता दिसतंय," आई म्हणाली, "पण भिंतीला फरशा कधी बसवल्या?"

खरंच, मातीची भिंत चौकोनाचौकोनांची झाली होती आणि कंदिलाभोवती कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं. हा दोष लॅपटॉपचा नव्हे, किमान सगळा नव्हे. साध्या ८ बिट व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या पायऱ्या जेमतेम २२० (१६ ते २३५). अंधाऱ्या भिंतीच्या वाट्याला त्यातल्या मूठभर येतात. त्यात नेट हळू असलं की सेवा कमी डेटाची प्रत पाठवते, आणि व्हिडिओ दाबून लहान करताना काटकसर आधी अंधारातच होते. जवळजवळच्या छटा एकाच चौकोनात कोंबल्या जातात. खोलीतला अंधार आणि वाढवलेला ब्राइटनेस मिळून त्या जास्तच उघड्या पडतात. थोडक्यात, माझ्या दुरुस्तीमुळेच फरशा दिसल्या.

२०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या रात्रीच्या लढाईच्या भागाबद्दल जगभर हीच ओरड झाली होती. छायालेखक फेबियन वॅग्नर यांचं म्हणणं होतं की, बऱ्याच लोकांना टीव्हीचं सेटिंग नीट करता येत नाही. तेव्हा मला ते म्हणणं फार उद्धट वाटलं होतं. आता निम्मं पटतं.

अकराला लाइट आली. तोच प्रसंग मागे नेऊन टीव्हीवर, वायफायवर पाहिला. फरशा जवळजवळ गेल्या होत्या. जिन्यावर धाकटी सून होती.

"अगंबाई," आई म्हणाली, "मी तासभर त्या गड्यावर संशय घेतेय."