सातबारा नॉर्वेचा, वहिवाट सगळ्यांची

आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहातलं मुख्य गाव लाँगइयरब्येन. तिथल्या विमानतळावर उतरलो, बॅग उचलली आणि सरळ बाहेर पडलो. व्हिसा विचारायला कुणी नाहीच! हा चमत्कार पॅरिसमध्ये 9 फेब्रुवारी 1920 रोजी झालेल्या स्वालबार्ड कराराचा. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर मालक नॉर्वे, पण ‘इतर हक्क’च्या रकान्यात सह्या करणारे सगळे देश. मासेमारी, शिकार, खाणकाम यांची सगळ्यांना सारखी मुभा; नाविक तळ मात्र नॉर्वेलाही बांधता येत नाही. ब्रिटिश साम्राज्याच्या आडून का होईना, त्या सह्यांत भारतही आहे.

पण वहिवाट चालू ठेवली तरच हक्काला वजन. त्यामुळे इथला कोळसा कधीच निव्वळ कोळसा नव्हता. रशियाने इथल्याच बॅरेंट्सबर्ग गावातली कोळशाची खाण धरून ठेवली आहे. गावात लेनिनचा पुतळा आहे आणि चक्क रशियाचा वाणिज्य दूतावासही. मला तिथे उतरायचं होतं, खोटं कशाला बोलू? पण युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर अनेक पर्यटन कंपन्यांनी तिकडच्या सहली बंद केल्या. आमच्याही बोटीवरून फक्त धुराडं दिसलं.

लाँगइयरब्येनची वस्ती जेमतेम अडीच हजार. तीत थाई आणि फिलिपिनो माणसं बरीच भेटतात. 2022 मध्ये नॉर्वेने नियम केला, की परदेशी नागरिक आधी तीन वर्षं मुख्य भूमीवर राहिलेला नसेल तर त्याला स्थानिक निवडणुकीत मत नाही. कायद्याने यात खोट काढता येणार नाही, करारात मताचा हक्क नाहीच. तरी हॉटेलं चालवायला ही माणसं हवीत आणि गावाचा कारभार ठरवताना नकोत, हे मला काही पटलं नाही.

स्वालबार्डमधल्याच न्यू ऑलेसुंड गावाला बोट लागण्याआधीच फोनचं वायफाय, ब्लूटूथ बंद करायला लावतात. तिथल्या संवेदनशील अँटेनांना त्याचा त्रास होतो. हेही एकेकाळी खाणीचंच गाव. 1962 च्या स्फोटात इथे 21 कामगार गेले आणि त्या प्रकरणावरून पुढच्या वर्षी ओस्लोतलं सरकार पडलं. आता गाव संशोधकांचं. भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र इथे 2008 पासून आहे आणि त्याचा कारभार चालतो गोव्यातल्या वास्कोहून! चीनच्या केंद्राच्या दारात मात्र दोन दगडी सिंह. हवेचे नमुने घ्यायला सिंह कशाला लागतात, असं मनात आलंच. आर्क्टिकभोवतालच्या देशांच्या आर्क्टिक परिषदेत भारत आणि चीन दोघांनाही निरीक्षकाची खुर्ची 2013 मध्ये एकदमच मिळाली. ‘हिमाद्री’समोर फोटो काढताना माझीही छाती जरा फुगलीच, म्हणजे सिंहांना हसण्याचा मला तितकासा अधिकार नाही.

जाणाऱ्यांसाठी: बेटाला व्हिसा लागत नसला तरी विमान नॉर्वेहूनच मिळतं आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. तिकडे गेलात की तुम्ही शेंगेन सोडलंत, परतताना पुन्हा प्रवेश. तेव्हा शेंगेन व्हिसा डबल-एंट्रीचाच काढा.